गोळी बकरीनं खाल्ली

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघणारा गृहस्थ कोण, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांकडे बोट दाखवीन. आपण त्यांच्या दारात चपला काढत असतो, हसून "काय मामा, बरंय ना?" म्हणत असतो, आणि मामांची नजर आपल्या नखांवर असते. नखांवरून ती डोळ्याच्या खालच्या पापणीवर जाते, तिथून जिभेवर, मग पावलांवर, आणि एवढी पाहणी समाधानकारक झाली तरच समोर उभा आहे तो कोण, कुणाचा कोण, हे ओळखण्याच्या भानगडीत ते पडतात. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा मुलगा बघायला आलेल्या मंडळींत मामा होते. बाकीच्यांनी माझी नोकरी विचारली, गाव विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं तेही आडून विचारलं. मामांनी मला हाताला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं, अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली, आत डोकावले आणि हॉलमध्ये परत येऊन जाहीर केलं, "रक्त चांगलं आहे. करून टाका." माझ्या संसाराची सुरुवात ही अशी आहे.

मामांची उभी नोकरी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथं रक्त, लघवी, थुंकी, सगळंच तपासायला येई. पण मामांचा जीव जडला तो जंतांवर. का जडला हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, कुणी गच्चीवर गुलाब लावतं; मामांनी एक जुना मायक्रोस्कोप मिळवला आणि नाशिकरोडच्या दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तो मांडला. उरलेल्या अर्ध्या भागावर ते आणि मामी जेवतात. शोकेसमध्ये गणपतीची मूर्ती आणि भाचरांचे कप यांच्या मधोमध एक बरणी आहे. तिच्यात औषधाच्या पाण्यात एक वीतभर लांबीचा पांढरा जंत वेटोळं घालून बसलेला आहे, आणि पाहुणे येणार असले की मामी त्या बरणीवर क्रोशाचा रुमाल टाकतात. पाहुणे चहा संपवेपर्यंत मामा दम धरतात आणि मग रुमाल काढतात. जंतांना ते भाडेकरू म्हणतात. "हा गोल जंत काही फार वाईट नाही हो," ते एखाद्या उनाड पुतण्याबद्दल बोलावं तसं सांगतात, "आपला खातोपितो, पडून असतो. वाईट तो आकडेवाला. दिसायला दोऱ्याएवढा, पण आतड्याला तोंड लावून रक्त पितो. आणि आवाज नाही काही नाही! पोरगं दिवसेंदिवस पिवळं पडत जातं आणि घरचे म्हणतात, आळशी झालंय." हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही होतो की समोरच्यानं बिस्किट खाली ठेवलंय, हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

मामींशी त्यांचं लग्न कसं जमलं, ही गोष्ट आमच्या घराण्यात प्रत्येक लग्नकार्यात एकदा तरी सांगितली जाते. मुलगी बघायला मामा सटाण्याला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, वडीलधाऱ्यांनी "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू द्या" म्हटलं. मामांनी घसा साफ केला आणि विचारलं, "पालेभाजी तुम्ही किती पाण्यानं धुता?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीनं मान वर केली, मुलाकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "तीन. आणि मातीची असली तर चौथं मिठाचं." मामांना पुढचं काही विचारायचं राहिलंच नाही. मामी आजही म्हणतात, "मला वाटलं होतं, ह्यांना स्वयंपाकात रस आहे. फसले गं बाई मी." पण हे म्हणताना त्या मामांच्या ताटात कोशिंबीर वाढत असतात आणि ती चार पाण्यांनी धुतलेली असते.

भाजीबाजारात तर मामांची कीर्ती आहे. नाशिकच्या आजूबाजूचे मळेवाले पहाटे तोडलेली भाजी घेऊन बसतात, मेथी, शेपू, कोथिंबीर कशी ताजी टवटवीत दिसते, आणि मामा एकेका जुडीची मुळं नाकापाशी नेऊन विचारतात, "पाणी कुठलं? विहिरीचं की नाल्याचं?" एकदा एका मावशीनं त्यांना सरळ सुनावलं, "बाबा, घ्यायची तं घ्या. माझ्या कोथमिरीला सासर शोधताय काय?" मामा मुळीच रागावले नाहीत. त्यांनी तिथंच उकिडवं बसून तिला अर्धा तास समजावलं की नाल्याच्या पाण्यातून जंतांची अंडी पानांवर कशी येतात आणि तिथून माणसाच्या पोटात कशी जातात. तेवढ्या वेळात तिच्याकडे एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही, कारण जे येई ते दोन वाक्यं ऐकून पुढे जाई. शेवटी तिनं हात जोडले आणि एक जुडी त्यांच्या पिशवीत घालून त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या भाचीच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या लग्नात ते जेवणाच्या रांगेकडे फिरकलेच नाहीत. हात धुवायच्या नळापाशी साबण घेऊन उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले, "बोटांच्या मध्ये. बोटांच्या मध्ये घासा." लोकांना ते केटररचा माणूस वाटले. वरपक्षाच्या एका काकांनी त्यांना जिलेबी कुठे ठेवली आहे असं विचारलं तर मामा म्हणाले, "नखं कापून या, सांगतो." त्या काकांनी वर्षभर आमच्याकडचं काही खाल्लं नाही.

अशा माणसाला घरात दिवसभर सांभाळणं सोपं नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी, श्रावणातली गोष्ट. मामींचा मला फोन आला. "जावईबापू, तुमच्या शाळेत मुलांना काही आरोग्याबिरोग्याचं सांगायचं असेल तर ह्यांना घेऊन जा हो. काल ह्यांनी सोसायटीच्या चेअरमनची पापणी ओढली." मी सायखेड्याच्या अलीकडच्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, आणि त्यांतला एक मुख्याध्यापक, म्हणजे मीच. रोज नाशिकरोडहून मोटरसायकलवर जातो. शुक्रवारी येतो म्हणालो. खरं सांगायचं तर मला मामांना शाळेत न्यायची जरा धास्तीच होती, आणि तिला कारण होतं. ते कारण माझ्या कपाटातल्या एका रजिस्टरमध्ये होतं.

वर्षातून दोनदा शाळेत मुलांना जंताची गोळी द्यायची असते. नियम असा की गोळी शिक्षकासमोर चावून खायची. त्याच्या आदल्या वर्षी असं झालं की एका मुलानं गोळी खाल्ली आणि भडभडून ओकला. उपाशीपोटी आला होता, वर ऊन. गोळीचा काही दोष नव्हता. पण अर्धा गाव शाळेच्या आवारात जमा झाला, कुणी म्हणालं विष दिलं, कुणी मोबाईलवर चित्रीकरण सुरू केलं, आणि मी दोन दिवस जेवलो नाही. त्यानंतर मी माझ्यापुरता एक सोपा मार्ग काढला. गोळी मुलांच्या हातात द्यायची, "घरी जेवण झाल्यावर आईसमोर खा" म्हणून सांगायचं आणि रजिस्टरात सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण करून टाकायची. उलटी झाली तर घरी होईल. आमच्या शाळेचं काम शंभर टक्के म्हणून आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत माझं कौतुकही झालं, आणि ते मी मान खाली घालून स्वीकारलं. लोकांना तो विनय वाटला.

शुक्रवारी मामा पिशवीत नेलकटर, साबण आणि ती बरणी घेऊन माझ्या मागे बसले. शाळेत आल्यावर त्यांनी बरणी टेबलावर ठेवली आणि पोरांना जे काही रंगवून सांगितलं ते मी डी.एड. करूनही शिकलो नाही. पोरं शहारली, किंचाळली, पुन्हा पुन्हा जवळ येऊन पाहून गेली. मग नखांची पाहणी सुरू झाली. रांग पुढे सरकत होती आणि चौथीतल्या आरतीपाशी येऊन ती थांबली.

आरतीबद्दल आधी सांगायला हवं. पहिली-दुसरीत ही पोरगी म्हणजे वारं होती. पाढे म्हणताना श्वास घ्यायला थांबत नसे. तिसरीपासून ती कमी कमी होत गेली, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. बाकावर डोकं टेकून बसायची, विचारलं तर नुसती बघायची, आणि पाटीवरच्या पेन्सिली खायची. पेन्सिल संपली की भिंतीचा पोपडा. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'अभ्यासात लक्ष नाही.' पावसाळ्याच्या सुरुवातीला तिची आई शाळेत आली तेव्हा मला म्हणाली होती, "सर, तिचं डोकंच चालत नाय आता. चौथी होऊ द्या, मंग घरीच ठिवती. बकऱ्या वळील, फुलं तोडील." आणि मी, मुख्याध्यापक असलेला मी, "बघू" एवढंच म्हणालो होतो. मनात म्हणालो होतो, पाचवीला सायखेड्यापर्यंत जाऊन तरी ही काय करणार आहे.

मामांनी तिची नखं पाहिली. मग पापणी ओढली आणि बराच वेळ बघत राहिले. "गोळी खाल्ली होतीस का गं बाळा? गेल्या आठवड्यातली?" त्यांनी विचारलं.

"व्हय," आरती म्हणाली, माझ्याकडे बघून.

"गोड होती की कडू?"

आरतीनं जरा विचार केला. "म्हाईत नाय. बकरीनं खाल्ली."

वर्गात कुणी हसलं नाही, हे मला आजही आठवतं. उलट मागच्या बाकावरून एक आवाज आला, "आमच्या बी बकरीनं." मग दुसरा. मग एकीनं सांगितलं की त्यांच्याकडे बकरी नाही, म्हणून आईनं मावशीच्या बकरीला दिली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर कपाटातून काढलंही नव्हतं, तरी त्यांना ते सगळं वाचता आलं असावं. "जावईबापू," ते एवढंच म्हणाले, "बकरी कुठं बांधतात, दाखवा."

मधल्या सुट्टीत आम्ही निघालो. पुढे आरती, अनवाणी. मागे पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले मामा. आणि त्यांच्या मागे मी. बांधाच्या कडेनं जाताना मामा थांबून थांबून जमिनीकडे बघत होते. गावात घरोघरी संडास आहेत, पण कुणाच्या संडासात कांदा भरलेला, कुणाच्यात सरपण, आणि पोरं सकाळी शेताच्या कडेला बसतात. "इथूनच," मामा चिखलाकडे बोट करून म्हणाले, "इथूनच चढतो आकडेवाला. तळपायातून." मी आरतीच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

आरतीची आई झेंडूच्या वाफ्यात होती. मास्तर आणि एक म्हातारा माणूस थेट गोठ्याकडे वळलेले पाहून ती खुरपं हातात घेऊनच आली. "बकरी इकायची नाय हां, आदीच सांगती," तिनं लांबूनच बजावलं. बकरी खरोखर बघण्यासारखी होती. काळी, तुकतुकीत, पोट भरलेली, डोळ्यांत मस्ती. मामा तिच्यापुढे बसले, तिला गोंजारलं आणि विचारलं, "ताई, हिला शाळेतली गोळी दिली ना तुम्ही?"

बाई गडबडली, माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचून म्हणाली, "दिली. खोटं कशाला बोलू? मागं त्या पोराला उलटी झाली ना, समद्या गावानं पाह्यली. मंग माझ्या पोरीला काय झालं म्हंजी? माझी एकच पोर हाय. म्हनून म्हनलं, आदी बकरीला देऊन बघू. हिला काय झालं नाय. उलट लय मानवली! आधी मरतुकडी होती, हाडं मोजा. मंग ह्या टायमाला बी हिलाच दिली. समद्या बाया देत्यात आता."

मला वाटलं मामा आता भडकणार. चेअरमनची पापणी ओढणारा माणूस. पण त्यांनी नुसती मान हलवली, जणू काही एखाद्या सहकाऱ्यानं आपलं निरीक्षण नीट मांडलं होतं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "आता जरा इकडे या, उजेडात." त्यांनी बकरीचं तोंड एका हातानं धरलं आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आत लालभडक होतं. "हे रक्त. बघा नीट." मग त्यांनी आरतीला जवळ घेतलं, हळूच तिची पापणी खाली केली. आत पांढरं होतं, धुतलेल्या कापडासारखं. बाईनं बकरीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. पुन्हा बकरीकडे. मग खुरपं खाली टाकलं, हात पदराला पुसले आणि स्वतःच्या अंगठ्यानं आरतीची दुसऱ्या डोळ्याची पापणी ओढून बघितली. तिथंही तेच.

ती मटकन खालीच बसली. "माझ्या हातानं दिली मी," ती म्हणाली. "पोरीच्या वाटची माझ्या हातानं बकरीला घातली."

"नाही ताई," मामा तिच्यासमोर बसत म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. पोरीला द्यायच्या आधी पारखून घेतलीत. आता पारखून झाली. आता लेकीला द्या."

परत येताना बांधावर मात्र त्यांनी मला सोडलं नाही. "चूक तुमची," ते म्हणाले. "खूण करताना निदान नावाच्या जागी 'काळी बकरी' लिहायचं होतं, खरं तरी झालं असतं." नोकरीत मला साहेबांनी पुष्कळदा झापलंय, पण इतकं कधी लागलं नव्हतं. शाळेत येऊन मी रजिस्टर काढलं, सगळ्या खुणांवर रेघ मारली आणि आरोग्य केंद्रात फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. राहून गेलेल्या मुलांसाठी आठवड्यानं पुन्हा गोळ्या देतात. मी म्हटलं, आमची सगळीच राहिली आहेत, सगळ्यांच्या पाठवा. पलीकडचे कर्मचारी म्हणाले, "सर, बाकीच्या शाळांनाही एकदा विचारतो."

त्या आठवड्यात मामांनी घरी मायक्रोस्कोपला हातसुद्धा लावला नाही, असं मामी सांगतात. ते रोज एसटीनं गावात येत होते. बायकांचा एकच सवाल होता: "पोरांना गोळी दिली तं मंग बकऱ्यांना काय द्यायचं?" दुसरा कुणी असता तर हसला असता. मामांना हा सवाल अत्यंत न्याय्य वाटला. ते जनावरांच्या दवाखान्यात गेले, तिथल्या डॉक्टरांच्या मागे लागले आणि मुलांच्या गोळीच्या आदल्या दिवशी मंदिराच्या पारावर गावातल्या झाडून सगळ्या बकऱ्यांना पातळ औषध पाजलं गेलं. मामा तिथंही हजर होते. पोरांच्या गोळीवर बकरीचा हक्क राहू नये, म्हणून त्यांनी हा सगळा खटाटोप केला होता.

गोळीच्या दिवशी मी मुलांना आधी खिचडी वाढली. व्हरांड्यात पंधरा-वीस आया येऊन बसल्या होत्या, काही बाप मागे उभे होते. मला पुन्हा तो उलटीचा दिवस आठवत होता. मामांनी पहिली गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि सगळ्यांसमोर आवाज करून चावली. "आंब्याची चव आहे," ते म्हणाले. ती आंब्याची होती की नव्हती मला माहीत नाही, पण पोरांनी हात पुढे केले. आरतीची आई उठून आत आली. तिनं गोळी माझ्याकडून स्वतः घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मुलीच्या तोंडात घातली. "चाव," ती म्हणाली, "चांगली चाव. गिळू नको." आणि मग ती दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. दोन मुलांनी पोटात दुखतं म्हणून सांगितलं, त्यांतलं एक गणिताच्या तासालाच दुखत होतं. बाकी काही झालं नाही. मी तोपर्यंत किती वेळा देवाचं नाव घेतलं ते माझं मलाच ठाऊक.

आरतीचं एका गोळीनं भागणार नव्हतं. मामा तिला आणि आईला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. रक्त तपासलं, ते फार कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर रोज बरोबर अकरा वाजता मला मामांचा फोन यायचा. "घेतली?" मी म्हणायचो, घेतली. "तुमच्यासमोर?" माझ्यासमोर. मगच ते फोन ठेवत. मी वर्गात शिकवत असलो तरी फोन वाजला की पोरं ओरडायची, "आजोबांचा हाय, आरती, गोळी!" गावातल्या पोरांच्या पायांत चपला आल्या. एक-दोन संडासांतला कांदा बाहेर निघाला. सगळ्यांतला नाही निघाला, तेव्हा फार मोठ्या गप्पा मारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी आरतीनं माझी फळ्यावरची एक बेरीज चुकलेली दाखवली. मी मुद्दाम चुकवली होती असं म्हणालो, तर म्हणाली, "नाय सर, तुमची खरंच चुकली." मी पाठ वळवून फळा पुसत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते. दीड वर्ष ही पोरगी माझ्यासमोर बाकावर डोकं ठेवून निजली होती आणि मी तिला ढ म्हणत होतो. जानेवारीत ती खो-खोच्या संघात होती. माघात, फाल्गुनात तर तिच्या तक्रारी यायला लागल्या. बोलते फार, भांडते फार, दुसऱ्याचा डबा खाते. मामांना मी ह्या तक्रारी फोनवर वाचून दाखवायचो आणि ते पलीकडून, "वा! आणखी?" असं विचारायचे.

निकालाच्या दिवशी मामांना आणायचं मी ठरवलं होतं. ते तोवर थकले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी एसटीची पायरी चढताना दांडी दोन्ही हातांनी धरावी लागे. मोटरसायकलवर वाटेत दोनदा थांबलो. शाळेत ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. मुलं प्रगतिपुस्तकं घेऊन गेली. आरतीही पळाली. तिची आई तेवढी मागे राहिली, दाराच्या चौकटीला टेकून.

त्या चौकटीत पावसाळ्यात ती काय म्हणाली होती ते मी विसरलो नव्हतो. वर्षभरात मी तिला पुन्हा विचारलं नव्हतं. धीरच झाला नव्हता. पोरगी बरी झाली म्हणजे शिकेलच असं थोडंच आहे? बऱ्या झालेल्या पोरी तर घरी जास्त उपयोगी पडतात. मामा मान वर करून तिच्याकडे बघत होते. त्यांनाही तेच वाटत असणार.

"सर," ती म्हणाली, "दाखला द्या ना आरतीचा."

जे शिक्षक नाहीत त्यांना ह्या वाक्यात काय आहे ते कळायचं नाही. घरी बसवायच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला कुणी मागत नाही. कशाला मागेल? मुलगी चौथी होते आणि शाळेतून नाहीशी होते, एवढंच. अशा मुलींचे लिहून ठेवलेले दाखले माझ्या कपाटात आहेत, न्यायला कुणी आलेलं नाही. दाखला मागायला येते ती पुढच्या शाळेत जाणाऱ्या मुलीची आई.

मी दाखल्याचं पुस्तक काढलं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, इयत्ता लिहिली. खाली एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथं माझं पेन जरा थांबलं. मामा खुर्ची सरकवून जवळ आले होते, चष्मा लावून कागदावर वाकले होते. मी लिहिलं, 'पुढील शिक्षणासाठी'. मामांनी ते तोंडातल्या तोंडात वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "अक्षर चांगलं काढा हो. सायखेड्याच्या शाळेत कुणीतरी वाचेल."

बाहेर आलो तेव्हा आरती फाटकाशी उभी होती. आईच्या हातातला दाखला तिनं ओढून घेतला, उघडून बघितला आणि तो डोक्यावर धरून बांधानं पळत सुटली. मामा हात वर करणार होते, बहुतेक तिला बोलावणार होते. पण ती केव्हाच झेंडूच्या वाफ्यापलीकडे गेली होती. तिनं मागे वळून पाहिलंच नाही. मामांनी हात हळूच खाली घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला, आधाराला.

"बरी झालेली पोरं थांबत नाहीत," ते म्हणाले. "थांबू नये त्यांनी."